मळ

बेसिनखालचा पाइप तिने जोर लावून सोडवला आणि आतलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं. चहाचा चोथा, केसांचा गुंता, साबणाचा थर. त्यातून ती चिमट्याने पिवळे कण वेचू लागली.

"अगं, त्या घाणीत काय हरवलंय तुझं?" मागून सरांनी विचारलं.

तिने पुढचा कण उचलला. तोंड उघडलं असतं तर भलतंच काहीतरी बाहेर पडलं असतं.

सर तिचे गुरू. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, तरी संग्रहालयातल्या या प्रयोगशाळेची एक किल्ली अजून त्यांच्याकडेच होती. परत मागायची कुणाची छाती होती? आज ते सगळ्यांच्या आधी आले. खोल, गार समुद्रातून काल आलेली पोवळ्याची फांदी टेबलावर मळकट दिसली. विद्यार्थिनीचं काम तेवढंच हलकं होईल, म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या आणि बेसिनमध्ये ब्रशने फांदी घासून लख्ख केली.

तो मळ नव्हता. समुद्रफुलासारखे पिवळे जीव होते ते, मुगाच्या दाण्याएवढे, पोवळ्याच्या अंगावरच बिऱ्हाड थाटणारे. जहाजवाल्यांच्या मिनतवाऱ्या करून तिने ती फांदी मिळवली होती. हे जीव पोवळ्याच्या जिवंत भागावर बसतात की मेलेल्या, एवढंच तिला बघायचं होतं. जहाजावरचा फोटो धूसर आला होता आणि जहाज पुन्हा त्या बाजूला जाणार नव्हतं. सगळं केलंसवरलं अक्षरशः पाण्यात गेलं होतं.

"बघ तरी, कशी निघालीय!" सरांनी फांदी उजेडात धरली.

"सर, हात लावण्याआधी तुम्ही मला एक फोन करायला हवा होता."

"मळ काढायला तुझी परवानगी घेऊ?"

"मळ नव्हता तो!" चिमटा ट्रेमध्ये आदळला. "प्राणी होते. तेच हवे होते मला. पोवळं नको होतं."

सर चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले. बोलून टाकल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. उलट संताप आणखीच वाढला, आता स्वतःवरही.

सर स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"कागद घे," ते म्हणाले. "टोकाकडे गुलाबी कातडं होतं ना, तिथे काही नव्हतं. नुसत्या पाण्याने साफ झालं. इथे खाली, मेलेल्या काळपट भागावर मात्र गच्च. सुटता सुटेना. नखाने काढावं लागलं."

ती मुकाट्याने फांदी रेखाटून खुणा करू लागली. सरांचं बोट हाडासारख्या पांढऱ्या फांदीवरून सरकत होतं. मधेच ते थांबलं. सर भिंतीकडच्या काचेच्या कपाटाकडे बघत होते. आत त्यांच्या आयुष्यभराची पोवळी ओळीने मांडलेली होती, एकजात पांढरीशुभ्र.

"मी सगळीच अशी..." ते म्हणाले. "त्यांच्यावरही असतील?"

जहाजवाल्यांचे पाय धरण्याआधी तिने त्या कपाटातला एकेक तुकडा भिंगाखाली घालून पाहिला होता; सगळे असेच घासून कोरे. त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

"पुढचा फाटा, सर," मान वर न करता ती म्हणाली.