हरणाबाईच्या पूजेतला पंप

मित्रांनो, मला भंगार म्हणायची घाई करू नका. म्हातारी झाले असले तरी मी मोटार आहे आणि माझा मान मला ठाऊक आहे. रंग दुधी, पाठ गोल आणि हॉर्न असा खणखणीत, की कवठे महांकाळच्या बाजारात म्हशीसुद्धा मुकाट्यानं बाजूला व्हायच्या. मला घडवणारा कारखाना मात्र कधीच बंद झाला. माझे सुटे भागही बनायचे थांबले.

सुभेदार आकाराम फौजेतून निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा त्यांनी मला घरी आणलं. रोज सकाळी ते मला मऊ फडक्यानं पुसायचे. लेक संयोगिता मोठी झाली, तशी तिला त्यांनी माझ्यावरच गाडी शिकवली. पारावरची माणसं हसली, तर "क्लच दाब. तिकडं बगू नगंस," एवढंच म्हणाले. गावात कुणाची बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, की मीच मिरजेला धावायचे. तेव्हा माझं केवढं कौतुक व्हायचं.

पुढं आकाराम थकले आणि मी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी राहिले, ती राहिलेच. कोंबड्यांनी मागच्या सीटवर अंडी घातली. गेल्या साली आकाराम वारले. मला हॉर्न वाजवून रडायचं होतं, पण बॅटरी केव्हाच उतरली होती.

संयोगिता मिरजेच्या दवाखान्यात नर्स आहे. दिवसकार्य उरकल्यावर ती माझं दार उघडून वडलांच्या जागेवर बसली आणि थोरल्या भावाला, ऋषिराजला म्हणाली, "दादा, आबांची गाडी मी चालू करनार."

"संयू, मला ट्रॅक्टरला जागा पायजे," तो म्हणाला. "खंडेनवमीपतुर चालू झाली तर ठिव. न्हाई तर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय मी."

मिरजेच्या अश्फाक मिस्त्रींनी माझं सारं अंग उघडलं. बाकी सगळं जुळलं, पण पाण्याचा पंप सडून गेला होता. इंजिनाभोवती पाणी खेळवून त्याला थंड ठेवणारा हा भाग. तो नसेल तर वेशीपर्यंत जाईस्तोवर मी तापून बंद पडणार. संयोगितानं सुट्टीच्या दिवशी सांगली, सातारा, कोल्हापूर पालथं घातलं. साताऱ्यात एका दुकानदारानं विचारलं, "ताई, ह्या गाडीत पेट्रोल घालनार, का फोटोला हार?" लेथवर करून घेतलेला पंप पहिल्याच दिवशी गळला. मला वाटलं, आता पोरगी हात टेकणार. पण ती चिडली होती, आणि चिडलेली संयोगिता कुणाचं ऐकत नाही.

मग अश्फाक मिस्त्रींना एक गोष्ट आठवली. "ताई, जतकडं लोक पूर्वी असल्या मोटारींची इंजिनं विहिरीवर बसवायचे. विहिरीचंच पानी इंजिनात सोडायचं, म्हनून ह्यो पंप काढून ठेवायचे. कुनाकडं तरी असंल बगा."

ती वस्तीवस्तीवर विचारत फिरली. खंडेनवमी तोंडावर आली असताना एका मेंढपाळाच्या घरात तिला पंप दिसला. देवाच्या फळीवर, लोकर कातरायच्या कातरीशेजारी. त्या घरची विहीर आटली होती, इंजिन मोडीत गेलं होतं, घरधनी अर्जुना वारले होते. त्यांच्या मागं बायकोनं, हरणाबाईनं, एवढा पंपच तेवढा जपून ठेवला होता. दर खंडेनवमीला ती त्याला तेल लावून हळदीकुंकू वाहायची. त्यामुळं त्याला गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता.

"पूजेतली वस्तू हाय, बाई," हरणाबाई म्हणाली. "घराभाईर जात नसती."

"मावशी, हिच्याबिगर माझ्या आबांची गाडी मोडीत जाईल."

"आन माझ्या मालकाची पूजा?"

मग संयोगिता म्हणाली, "तुमी पंप हलवू नका. गाडीच हितं आनते. तुमच्या दारात बसवू, तुमीच पूजा करा."

हरणाबाईनं फळीवरचा पंप पदरानं पुसला. "आदी पूजा, मग चावी. आन दर खंडेनवमीला गाडी माझ्या दारात उबी र्‍हायली पायजे."

बंद मोटार जतला न्यायची कशी? ऋषिराजच्या ट्रॅक्टरला दोर बांधून. "येड्या भनीचा येडा भाऊ म्हनतील मला," असं तो वाटभर पुटपुटत होता. पण खड्डा आला की ट्रॅक्टर हळू घ्यायचा, हे मी पाहिलं.

संध्याकाळपर्यंत बरोबर आलेल्या अश्फाक मिस्त्रींनी हरणाबाईच्या दारात नवं पॅकिंग घालून पंप बसवला. खंडेनवमीच्या सकाळी हरणाबाईनं कातरी माझ्या पुढ्यात मांडली, बॉनेट उघडायला लावून पंपाला कुंकू लावलं आणि मग मान हलवली. संयोगितानं चावी फिरवली. मी नुसती खोकले. ऋषिराज दुसरीकडं बघायला लागला. तिनं पुन्हा फिरवली, आणि मित्रांनो, होतं नव्हतं ते बळ एकवटून मी सुरू झाले.

हरणाबाई माझ्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली. "ह्योच आवाज," ती म्हणाली. "विहिरीवर ह्योच आवाज असायचा." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माझ्या पंपातून एक थेंब गळत नव्हता.

ऋषिराजनं दोर सोडून गुंडाळला. "संयू, तू म्होरं हो," तो म्हणाला. "पत्र्याखाली गाडीच ठिव. ट्रॅक्टर मी चिंचंखाली लावीन."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं बंद पडलेलं यंत्र असेल. फेकण्याआधी त्यात नेमकं काय कमी आहे ते बघा. आणि तो भाग कुठंच मिळत नसला, तरी कुणीतरी जपून ठेवला असेल असं धरून शोधत राहा. माझं दुसरं आयुष्य, मी पत्र्याखाली गंजत असताना, एक बाई वर्षानुवर्षं तेल लावून सांभाळत होती.