टेकूचं जॅकेट

सप्ताहाच्या नावावरूनच मॅडमचं डोकं फिरलं होतं.

मॅडम वनस्पतिशास्त्राच्या. कॉलेजात जे काम कुणालाच नको असतं ते फिरत फिरत शेवटी त्यांच्याच गळ्यात पडायचं, आणि त्यांची चिडचिड ऐकून घ्यायची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की आता तिच्याकडे कुणी लक्षही देत नसे. गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं आत्महत्या केली. कॉलेजच्या पत्रकात त्याला 'दुःखद घटना' म्हटलं होतं, शोकसभेत 'अकाली जाणं' म्हटलं गेलं आणि पुढे पुढे तर 'ते प्रकरण'. यंदा वरून आदेश आला की जनजागृती सप्ताह साजरा करा. 'साजरा' वाचून मॅडमनी कपाळावर हात मारला, पण काम घेतलं. एका शिबिराला जाऊन रीतसर शिकूनही आल्या. मग बॅनरचा मजकूर प्राचार्यांपुढे ठेवला: आत्महत्या प्रतिबंध सप्ताह.

"मॅडम, शब्द जरा जड वाटतो हो," प्राचार्य म्हणाले.

"गोष्टच जड आहे, सर."

"पालक येतात, फोटो छापून येतात. मुलांच्या डोक्यात नसलेलं आपण कशाला भरायचं? काहीतरी छान करा. 'चला, हसू या!' कसं वाटतं?"

कसं वाटतं ते मॅडमनी सांगितलं नाही, कारण नोकरी टिकवायची होती. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात काही भरत नाही, उलट विचारलं तरच माणूस बोलतो, हे शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी घोकून घेतलेलं त्यांनी सरांना तीनदा सांगून पाहिलं. सर तीनदा "अगदी बरोबर" म्हणाले आणि बॅनर पिवळ्या फुग्यांचा आला. व्यासपीठावर तो शब्द कुणीही उच्चारायचा नाही, अशी तोंडी ताकीद सगळ्यांना मिळाली.

मॅडमच्या घरातही अशीच ताकीद होती, फक्त ती कुणी दिली नव्हती. त्यांचा धाकटा मामा कॉलेजात असताना गेला. आई, मावशी, मोठे मामा, सगळे एवढंच म्हणत, "तो गेला." कसा, का, हे विचारलं की आजी उठून आत जायची. मॅडमना मामाचा फार राग यायचा, आणि त्याहून जास्त राग त्या सगळ्या जाणत्या माणसांचा, जी तो जाण्याआधीही गप्प होती आणि नंतरही.

असो. सप्ताहाचा गाडा ओढत होता तो टेकू. शेवटच्या वर्षाचा हा मुलगा उंच आणि किडकिडीत होता, मनगटात बांगडीसारखं चिकटपट्टीचं रीळ अडकवलेलं. माइक बंद पडला, बोलवा टेकूला. कुणाचं घरी भांडण झालं, टेकूजवळ रड. सगळ्या कॉलेजनं त्याच्यावर भार टाकला म्हणून त्याचं नाव टेकू पडलं, आणि खरं नाव हजेरीपुरतं उरलं. मॅडम त्याच्यावरही करवादायच्या, पण त्याच्याशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं.

आणि हाच टेकू सप्ताह सुरू झाल्यापासून एकेक काम दुसऱ्यांच्या हवाली करायला लागला. ध्वनियंत्रणा एका ज्युनियरला शिकवली. सभागृहाच्या किल्ल्या मॅडमच्या टेबलावर आणून ठेवल्या. मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ऐन वेळी अंग काढून घेतोस? कार्यक्रम काय मी एकटीनं करू?"

"तसं नाही, मॅडम. मी नसलो तरी तुमचं काही अडायला नको." तो हसला आणि किल्ल्यांशेजारी एक कान तुटलेला कप ठेवला. त्यात अंगठ्याएवढं निवडुंग. होस्टेलच्या खिडकीत त्यानं पहिल्या वर्षापासून जपलेलं. "हे पण तुमच्याकडे राहू दे."

"माझ्याकडे काय कुंड्यांचा दुष्काळ पडलाय?" असं म्हणून मॅडमनी तो कप खिडकीत सरकवला आणि खुर्च्या मोजायला निघून गेल्या.

समारोपाच्या दिवशी सकाळी सभागृह भरलं. शिबिरातल्या डॉक्टरीणबाई पाहुण्या म्हणून आल्या. प्राचार्य उठले, माइकसमोर उभे राहिले, आणि माइकनं अशी काही किंकाळी फोडली की पहिल्या रांगेनं कान झाकले. ज्युनियरनं चारही बटणं फिरवून पाहिली. मॅडम दातओठ खात त्याच्याजवळ गेल्या.

"टेकू कुठाय?"

"माहीत नाही, मॅडम." त्याच्या गळ्यात टेकूचे हेडफोन होते.

"त्याचे हेडफोन तुझ्याकडे कसे?"

"दिले त्यानं. कायमचे."

मॅडम तणतणत बाहेर पडल्या. फाटकाशी प्रथम वर्षाची एक मुलगी टेकूच्या सायकलला कुलूप लावत होती. "टेकूदादानं दिली, मॅडम. मी नको म्हणत होते," ती घाबरून म्हणाली. दिलदारपणाचं हे काय खूळ, असं पुटपुटत मॅडम होस्टेलकडे वळल्या, तर जिन्याशीच त्याचा खोलीमित्र भेटला. भर उन्हाळ्यात अंगात तपकिरी जॅकेट. टेकूच्या ताईनं पहिल्या पगारातून घेतलेलं ते जॅकेट टेकू कुणाला हात लावू देत नसे, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं.

"हे कसं काय?"

"घालून बघत होतो जरा," खोलीमित्र ओशाळला. "काल दिलं. म्हणाला, मला नाही लागणार आता."

मॅडमचा सगळा राग तिथल्या तिथे विरला. जपलेल्या वस्तू वाटून टाकणं. हातातली कामं निपटून देणं. अस्वस्थ माणूस अचानक शांत होणं. हे सगळं त्यांनी स्वतः सोमवारी मुलांना शिकवलं होतं, पडद्यावर चित्रं दाखवून दाखवून, आणि ती चित्रं पुढे सरकवायला प्रोजेक्टरपाशी टेकूच बसला होता. त्याच दुपारी त्यानं किल्ल्या आणून दिल्या, तर ह्या त्याच्यावर खेकसल्या.

"आता कुठे आहे तो?"

"तुमच्या काचघरात. झाडांना पाणी घालतो म्हणाला."

विभागामागच्या काचघरापर्यंत मॅडम अक्षरशः धावल्या. गेल्या कित्येक वर्षांत त्या धावल्या नव्हत्या. टेकू आत होता. हातात झारी, मनगटात रीळ नाही. नेच्यांच्या कुंड्यांना एकेक करून, कुणाला कमी कुणाला जास्त, नीट पाणी घालत होता.

"मॅडम, तुम्ही? कार्यक्रम?"

"माइक बोंबललाय."

"येतो मी."

"थांब. माइक मरू दे." मॅडम उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या. धाप लागली होती. "तू बरा आहेस ना?"

"मस्त आहे, मॅडम."

आणि मस्त म्हणताना तो इतकं छान हसला की कुणीही समाधानानं परत गेलं असतं. मॅडमना स्वतःचाच संताप आला. असं आडून विचारलं की असंच उत्तर मिळणार, दुसरं काय! सरळ विचारायचं, तोच शब्द वापरायचा, हे त्यांना पाठ होतं. त्या शब्दासाठी त्या प्राचार्यांशी भांडल्या होत्या. आणि आता तोच शब्द त्यांच्याकडून उच्चारला जाईना. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटली, तो हो म्हणेल याची. आजी उठून आत का जायची ते त्यांना त्या बादलीवर बसल्या बसल्या पहिल्यांदा कळलं, आणि म्हणूनच त्या उठल्या नाहीत.

"टेकू," त्या म्हणाल्या, "तू आत्महत्येचा विचार करतोयस का?"

झारीतलं पाणी कुंडीत पडत राहिलं. कुंडी भरली, पाणी काठावरून फरशीवर आलं, त्याच्या चपलांपर्यंत गेलं. मॅडम नुसत्या वाट पाहत बसल्या. त्यांच्यासारख्या बाईला ते फार जड गेलं.

"त्या शब्दाला बंदी आहे, मॅडम," शेवटी तो म्हणाला.

"बंदी गेली खड्ड्यात. सांग."

"हो."

त्यानं झारी खाली ठेवली, तिच्याशेजारीच फरशीवर बसला आणि मग रडला, शाळकरी मुलासारखा, नाक गळेपर्यंत. मॅडमनी पदर पुढे केला. "काही मोठं कारणसुद्धा नाही," तो मधूनमधून बोलत होता. "सगळं बरं चाललंय. नुसता थकलोय मी. सकाळी उठलो की वाटतं, आज परत सगळ्यांना पुरायचं. कुणाला सांगू? ज्याच्याकडे जावं तो आधी स्वतःचंच सांगायला लागतो."

'अरे, आयुष्य सुंदर आहे' हे वाक्य मॅडमच्या तोंडापर्यंत आलं होतं. पिवळे फुगे आठवले आणि त्यांनी ते गिळलं.

"मी पण तुझ्यावर भार टाकला," त्या म्हणाल्या. "सांगितलंस ते बरं केलंस. आता तुला एकट्याला सोडणार नाही मी, कितीही कंटाळलास तरी. आपल्या पाहुण्या डॉक्टर आहेत, याच कामाच्या. बोलावू?"

"त्यांचा सत्कार चाललाय, मॅडम."

"मी तुला सत्काराचं विचारलं का? बोलावू का नको?"

त्यानं मान हलवली. हो.

प्राचार्यांनी फोन उचलला आणि आधी माइकचं गाऱ्हाणं मांडलं. मॅडम म्हणाल्या, "सर, डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता काचघरात पाठवा. एकट्यांना. का ते विचारू नका, आणि सत्कार तुमचा तुम्ही करून घ्या." डॉक्टरीणबाई आल्या त्या हातातल्या पुष्पगुच्छासकट. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, म्हणून टेकू सवयीनं तो घ्यायला उठायला लागला.

"बस खाली," मॅडम ओरडल्या. "आज तू काही उचलायचं नाहीस."

संध्याकाळी ताई आली. टेकूला घेऊन ती डॉक्टरीणबाईंबरोबर दवाखान्यात गेली. आता तिथे राहायचं, औषध घ्यायचं, बोलायचं, आणि हे काही चार दिवसांत निस्तरणारं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी ताईला स्पष्टच सांगितलं. जाताना टेकू म्हणाला, "मॅडम, ते निवडुंग ठेवा तुम्हीच."

"अजिबात नाही. आलास की घेऊन जा. मी फुकट राखण करत नाही."

मग मॅडम निघाल्या. प्रथम वर्षाच्या मुलीकडून सायकलची किल्ली घेतली. ज्युनियरच्या गळ्यातून हेडफोन काढले. कुणी का विचारलं तर "दिलं ते चुकून दिलं" एवढंच म्हणाल्या, कारण पुढचं सांगायचं की नाही ते टेकू ठरवणार होता. होस्टेलच्या जिन्यावर खोलीमित्र घामानं निथळत होता, आणि तरी जॅकेट अंगातच होतं.

"काढ ते."

"मॅडम, पण त्यानंच..."

"काढ म्हटलं ना! थंडीत लागेल त्याला."

"थंडी? तिला अजून किती अवकाश आहे, मॅडम."

"येईल ना," मॅडम त्याच्यावर खेकसल्या, आणि जॅकेट हातात आल्यावर त्यांना जिन्यावर बसावंच लागलं. "येईल की. तेव्हा काय घालेल तो?"