निळा पट्टा

जुन्या पुलाच्या नाक्यावर त्या दुपारी एक रस्ता रिकामा होता आणि एक तुंबलेला. रिकामा होता तो निळा. विमानतळापासून स्टेडियमपर्यंत डांबरावर निळ्या रंगाचा रुंद पट्टा ओढला होता आणि त्यावरून फक्त खेळाडूंच्या बसेस जायच्या होत्या. खेळाडू येणार होते चारला. आत्ता एक वाजला होता. उरलेलं सगळं पोर्ट मोर्झबी शहर शेजारच्या एका चिंचोळ्या रांगेत कोंबलं होतं: बसेस, पाण्याचे टँकर, कोंबड्यांचे पिंजरे, आजारी, गरोदर, उतावळे. उन्हानं पत्रे तापले होते आणि माणसंही.

ओटो सिवी नाक्यावर उभा होता तो खेळ पथकाचा शिपाई म्हणून. हे पथक या स्पर्धेपुरतंच उभं केलेलं. त्यांना नवे बूट मिळाले, नव्या बंदुका मिळाल्या, तोंडावर बांधायला काळं फडकं मिळालं आणि छातीवरच्या नावाच्या पट्ट्या मात्र काढून घेतल्या गेल्या. कमांडर वागींनी पहिल्याच दिवशी कारण सांगितलं होतं. "आपल्याकडे पोलिसाचं नाव कळलं की कुळ कळतं. आणि कुळ कळलं की कोयता तुमच्याकडे येत नाही, तुमच्या आईकडे जातो. म्हणून नाव नाही, तोंड नाही. बिनघोर काम करा." सगळे हसले होते. ओटोही हसला होता. नाव काढून घेतलं की माणसाचा हात सैल सुटतो, हे काही त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. ते दुसऱ्या आठवड्यात ज्याचं त्याला कळलं.

खरं सांगायचं तर ओटोला तो निळा पट्टा आवडायचा. या शहरात चौदा वर्षं राहून त्यानं एक रस्ता धड सरळ चाललेला पाहिला नव्हता. गेल्या वर्षी एका पाहुण्या संघाच्या बसवर दगड पडले, एका धावपटू मुलीचा डोळा गेला, आणि तिला उचलून गाडीत घालणारा ओटोच होता. तिच्या हातात तेव्हा अर्धं खाल्लेलं केळं होतं, ते तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही. दोन आठवडे लोकांनी जरा कळ काढली, पाचाहून जास्त जणांनी एकत्र उभं राहायचं नाही हा हुकूम पाळला, सुपारी रस्त्यावर विकली नाही, तर काय आभाळ कोसळणार होतं? असं तो बहिणीलाही म्हणाला होता. बहिणीनं त्याच्या तोंडावर दार लावलं होतं.

सव्वा वाजता सतरा नंबरची बस रांगेतून फुटली आणि बिनदिक्कत निळ्या पट्ट्यावर आली.

"बाजूला घे!" ओटो आडवा झाला.

ड्रायव्हर तिशीचा होता. तोंड सुपारीनं लालभडक. त्यानं बस थांबवली, कोपर खिडकीवर टेकवलं आणि निवांत विचारलं, "कुणासाठी राखलाय बॉस? खेळाडू अजून विमानात घोरतायत."

"बाजूला घे म्हटलं ना."

"घेतो की. मागं एक म्हातारी आहे, दोन तास दाबून बसलीय बिचारी. बाजारापर्यंत जाऊ दे, लगेच रांगेत घुसतो. रंग काय झिजणार आहे का तुझा?"

"खाली उतर."

"उतरतो. पण ते फडकं काढ आधी. कुणाशी बोलतोय ते तरी कळू दे. का बायकोला सांगितलंस की ऑफिसात काम करतोस?"

बस खदाखदा हसली. शेजारच्या रांगेतली आणखी दोन वाहनं हसली. सावलीत लावलेल्या जीपमधून कमांडर वागी बघत होते. त्यांनी फक्त हातातल्या घड्याळाकडे पाहिलं.

ओटोनं दार ओढलं आणि ड्रायव्हरला गचांडी धरून खाली खेचलं. बंदुकीचा दस्ता पहिल्यांदा बरगड्यांत बसला, दुसऱ्यांदा खांद्यावर. ड्रायव्हर गुडघ्यावर आला, पण माणूस हट्टी. त्यानं मान वर केली आणि तोंडातली सगळी लाल पिंक ओटोच्या छातीवर टाकली, जिथं नावाची पट्टी असायची बरोबर तिथं. ओटोचं डोकं फिरलं. "तुझ्या बापाची डुकरं तुझं मढं खावोत!" असं काहीसं तो ओरडला आणि तिसरा घाव कानशिलावर घातला. कडकन आवाज आला. ड्रायव्हर आडवा झाला तो रस्त्याच्या दगडी काठावर डोकं आपटूनच.

हसणं थांबलं होतं. पण ते घावामुळे नव्हे, हे ओटोला एक क्षण उशिरा कळलं. बसच्या दारातली म्हातारी, तीच दोन तास दाबून बसलेली, त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

"हा काउगेचा आहे," ती शेजारणीला म्हणाली. "ऐकलंस ना? काउगेच्या बोलीत शिवी दिली यानं."

दोन आठवडे ओटो नाक्यावर पिजिन, म्हणजे शहरातली सगळ्यांची मिश्र भाषा बोलत होता. राग आला आणि आईची बोली तोंडातून आली. काउगे खोऱ्याची बोली बोलणारे या शहरात पन्नास असतील. त्यांच्यातला पोलीस एकच होता.

लोकांनी ड्रायव्हरला उचलून बसच्या बाकावर घातलं. एकजण कळवळून म्हणाला, "साहेब, इस्पितळ या पट्ट्यानं पाच मिनिटांवर आहे. जाऊ द्या."

"रांगेतून न्या," वागी जीपमधूनच म्हणाले. रांग हलत नव्हती. पट्टा रिकामाच होता.

अडीचला ठरल्याप्रमाणे सगळ्या शहराचे फोन बंद झाले. सुरक्षेसाठी, सहापर्यंत. पावणेतीनला वायरलेसवर निरोप आला की सतरा नंबरचा ड्रायव्हर टिंबी रांगेतच गेला, प्रेत त्याच्या माणसांनी दगडखाणीच्या वस्तीत नेलंय आणि वस्तीत धूर दिसतोय.

दगडखाणीची वस्ती. तिथं टिंबीच्या कुळाची दीडशे घरं होती आणि काउगेची पाच. पाचातलं एक अगाताचं, ओटोच्या थोरल्या बहिणीचं. आई गेली तेव्हा ओटो सात वर्षांचा होता. अगातानं त्याला पाठीवर घालून शहरात आणलं, सुपारी विकून शिकवलं, पोलिसात भरती केलं. आई आठवली की त्याला तिचा डावा हात आठवायचा. त्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. एक तिनं भाऊ मेला तेव्हा तोडलं होतं, एक पहिलं मूल गेलं तेव्हा. खोऱ्यातल्या बायका पूर्वी असंच रडायच्या.

तो जीपकडे धावला. "साहेब, मला सोडा. माझी बहीण आहे त्या वस्तीत."

"मग काय? तुझं नाव कुणाला माहीत आहे? पट्ट्या काय उगाच काढल्या?"

"साहेब, मी शिवी दिली. आमच्या बोलीत."

वागी जीपच्या खिडकीतून पुढे वाकले. "पिजिनमध्ये शिव्या संपल्या होत्या का रे गाढवा?" ते हळू आवाजात म्हणाले. मग घसा खाकरून, "चारला बसेस येतील. तोवर कुणी जागा सोडायची नाही. वस्तीत माणसं पाठवायला माझ्याकडे माणसं नाहीत, सगळी पट्ट्यावर आहेत. तू गेलास तर पळपुटा म्हणून लिहीन."

"लिहा," ओटो म्हणाला.

त्यानं बंदूक जीपच्या बॉनेटवर ठेवली. तोंडावरचं फडकं सोडून टाकलं, अंगातला शर्ट काढला, कारण तो घालून वस्तीत शिरणं म्हणजे मरायला जाणं, आणि शर्टाच्या खिशात ओळखपत्र राहिलं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. पट्ट्यावरून तीन किलोमीटर होते. पट्ट्यावर पाय ठेवायची कुणालाच मुभा नव्हती, म्हणून तो कडेच्या गटारातून धावला, घोटाभर काळ्या चिखलातून. पुढच्या नाक्यावर गटार जाळी लावून बंद केलं होतं. तो वर चढला तर समोर फडकं बांधलेला शिपाई.

"पास?"

"पास नाही रे, मी आपलाच आहे! पुलावरचा ओटो!"

"ओटो पुलावर आहे तर तू इथं कोण?"

"फडकं काढ, तू कोण आहेस ते तर बघू! मला ओळखशील तू!"

फडकं काढायचा विषयच नव्हता. पहिल्या तडाख्यात ओटोचे पुढचे दोन दात गेले, दुसऱ्यात डावा डोळा बंद झाला. तो पडला, तेव्हा नवाकोरा बूट त्याच्या पोटात बसला, अगदी त्याच्या पायात होता तसलाच. त्या फडक्यामागं कोण होतं, ते त्याला आयुष्यात कधी कळलं नाही. रांगेतले लोक बघत होते. कुणी हसलं नाही. शिपाई दुसऱ्या गाडीकडे वळला तसा ओटो हातांवर सरपटत जाळीखालून पलीकडे गेला आणि पुन्हा धावू लागला.

काउगेची पाचही घरं जळत होती. पत्रे वाकून खाली आले होते. जोसेफ म्हातारा, ज्याच्या दाराशी ओटो दर रविवारी बसायचा, आपल्याच उंबऱ्यात पालथा पडला होता आणि त्याच्या पाठीत कोयता तसाच होता. बाकीचे खाणीकडे पळाले असावेत. मोकळ्या जागेत शे-दीडशे माणसं गोळा झाली होती, पाचाहून जास्त जमायची बंदी असलेली. मधोमध बसच्या बाकावर टिंबी, छातीवर त्याची टोपी. आणि त्याच्या पायाशी, जमिनीवर, अगाता.

ती जिवंत होती. ओटो धुराच्या कडेला, गर्दीच्या मागं उभा राहिला. चिखलानं आणि रक्तानं त्याचं तोंड तोंड राहिलं नव्हतं, म्हणूनच तो उभा राहू शकला.

टिंबीचा थोरला भाऊ लाकाई हातात कोयता घेऊन तिच्यासमोर होता. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. "सांग अगाता. काउगेचा पोलीस कोण आहे, ते आम्हाला माहीत आहे. तू तोंडानं सांग. कुठं आहे तो?"

अगातानं शेजारचा पांढऱ्या मातीचा डबा ओढला आणि मूठभर माती डोक्यावर थापली, मग कपाळावर, मग गालांवर. सुतकात थापतात तशी.

"हे कुणासाठी?" लाकाईनं विचारलं. "माझ्या भावासाठी? तुला काय हक्क?"

"तुझ्या भावासाठी तुझ्या बायका रडतील," अगाता म्हणाली. "माझाही भाऊ आज मेला. पुलावर मेला, तुझ्या भावाबरोबरच. मी त्याला रडतेय."

गर्दीत कुजबुज झाली. कुणीतरी ओरडलं, "नाटकं करतेय! जिवंत आहे तो!"

"माझ्यासाठी नाही," अगाता म्हणाली.

तिची सुपारी विकायची फळी तिथंच उपडी पडली होती. तिनं ती सरळ केली, डावा पंजा तिच्यावर पसरला आणि उजव्या हातानं लाकाईचा कोयता मागितला. लाकाई दचकला. त्याच्या आजीचंही बोट असंच तोडलेलं होतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. चाळीस वर्षांत कुणी हे केलं नव्हतं. त्यानं कोयता तिच्या हातात ठेवला.

तेव्हा तिनं मान वर केली आणि धुराच्या कडेला उभा असलेला माणूस तिला दिसला. एक डोळा मिटलेला, पुढचे दात नाहीत, उघडा. तिनं त्याला लहानपणी हजार वेळा न्हाऊ घातलं होतं. तिनं ओळखलं.

ओटोच्या घशात काउगेच्या बोलीतली हाक आली. ताई, नको. तीच बोली, तोच घसा. एक शब्द बाहेर पडला असता तर दीडशे माणसं वळली असती, आणि तो गेला असताच, पण खोटी पडलेली बहीणही गेली असती. त्यानं फाटलेला ओठ उरलेल्या दातांत धरला आणि चावला. रक्त तोंडात भरलं. आवाज बाहेर आला नाही.

कोयता खाली आला. करंगळी एका घावात तुटली नाही, दुसरा घालावा लागला. अगाता एकदाच किंचाळली, जनावरासारखं, आणि मग ठेक्यात रडू लागली, खोऱ्यात मेलेल्यांना रडतात तसं. भावाचं नाव घेऊन, तो सात वर्षांचा होता तेव्हापासूनचं सगळं सांगत. ओटो स्वतःचं सुतक ऐकत उभा राहिला.

खालच्या रस्त्यावर शिट्ट्या वाजल्या. चार वाजले होते. निळ्या पट्ट्यावरून एकामागून एक बसेस गेल्या, झेंडे लावलेल्या, काचांमागून हात हलवणाऱ्या. एकही दगड पडला नाही. वस्तीतल्या एकानंही तिकडे पाहिलं नाही.

लाकाईनं आपला शर्ट फाडला आणि अगाताच्या हाताला स्वतः गुंडाळला. "मेला म्हणालीस ना," तो म्हणाला. "मग मेलेला इथं परत दिसता कामा नये. दिसला तर आम्ही त्याला मेलेलाच ठेवू."

"ठेवा," अगाता म्हणाली. "मी पुन्हा रडणार नाही. माझं रडून झालं."

ओटोच्या शेजारच्या बाईनं त्याच्या थोबाडाकडे निरखून पाहिलं. "तुला रे कुणी मारलं? कुणाकडचा तू?"

"कुणाकडचाच नाही," तो पिजिनमध्ये म्हणाला. "रस्त्यानं चाललो होतो."

अगाता उठली. बायकांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं. गर्दी तिच्यासाठी दुभंगत गेली आणि ती नेमकी त्याच्या समोर येऊन थांबली, कारण तो एकटाच हलला नव्हता. तिच्या हातातलं रक्त शर्टातून टपकत होतं. ती त्याच्या उघड्या डोळ्यात बघून पिजिनमध्ये म्हणाली, परक्याला म्हणतात तसं:

"बाजूला हो."

ओटो बाजूला झाला.