ती आता बाहेरची कामं घेत नाही

१९९९ सालच्या दिवाळीनंतर सविता आहेरला कामं येईनाशी झाली.

सविताचा सिव्हिलचा डिप्लोमा झालेला होता. सिडकोतल्या घराच्या मागच्या गॅलरीत तिचा ड्रॉइंग बोर्ड होता आणि शहरातल्या तीन आर्किटेक्टांचे नकाशे ती ट्रेसिंग पेपरवर शाईने काढून द्यायची. लग्नाआधी ती एका बिल्डरच्या ऑफिसात नोकरीला होती. तिथे तिला जिन्यांशिवाय दुसरं काही काढायला मिळालं नाही. म्हणून घरून काम करायचं तिने विचार करूनच ठरवलं होतं. कधी दवाखाना, कधी बंगला, कधी मंगल कार्यालय. एक नकाशा दुसऱ्यासारखा नसायचा.

तिचे सासरे कारभारी, घरातले नाना, याला काम मानायचेच नाहीत. ते लासलगावजवळच्या खेड्यातले. घरातल्या सगळ्यांचा जन्म आज लिलावात कांद्याला काय भाव निघतो हे बघण्यात गेला होता. एकटे कारभारी शिकले, जिल्हा परिषदेत लिपिक झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. नोकरीचा त्यांना एखाद्या देवस्थानासारखा अभिमान होता. सून काय करते असं कोणी विचारलं की ते विषय बदलायचे. त्या उन्हाळ्यात त्यांनी ओळखीने एका शिक्षणसंस्थेच्या बांधकाम विभागात तिच्यासाठी जागा ठरवली. दोन वर्षांनी कायम करणार होते. सविताने नको म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून त्यांना तिच्याशी काही बोलायचं असलं तर ते सासूबाईंकडे, गोजराबाईंकडे बघून बोलायचे.

कामं थांबली तेव्हा सविताला वाटलं, सगळ्यांनी कॉम्प्युटर घेतले असतील. मग एक दिवस गंगापूर रोडवर नकाशांच्या प्रिंट काढायच्या दुकानात तिला क्षेमकल्याणीबाई भेटल्या. तिन्ही आर्किटेक्टांत जास्त काम त्यांचंच असायचं. त्यांनी नोकरीबद्दल तिचं अभिनंदन केलं, पण आवाजात नाराजी होती. निदान कळवायचं तरी, म्हणाल्या. दोनदा फोन केला होता. सासऱ्यांनी सांगितलं, ती आता बाहेरची कामं घेत नाही, नोकरीला लागली.

सविता घरी आली तेव्हा कारभारी फोनशेजारच्या खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. तिने विचारलं. त्यांनी गोजराबाईंकडे बघूनच उत्तर दिलं, पण नाकारलं नाही.

"सांगितलं. तिघांनाही सांगितलं. आन् परत फोन आला तर परत सांगन."

"कोणाच्या परवानगीनं?"

"फोन माझ्या नावावर हाय. आमच्या सात पिढ्या बाजारात उभ्या राहिल्या, आज भाव भेटंल का उद्या म्हणत. माझी सून चार लोकांच्या दारात तशी उभी राहणार नाय." मग त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि संस्थेतली जागा अजून रिकामी आहे, सोमवारी हजर व्हायचं आहे, आपण शब्द दिला आहे, असं सांगितलं.

"तुमचा शब्द तुम्ही पाळा," सविता म्हणाली.

तिचा नवरा ललित सातपूरच्या कारखान्यात होता. रात्री त्याने दोघांचीही समजूत काढायचा प्रयत्न केला. वडिलांना म्हणाला, ती लहान आहे. बायकोला म्हणाला, ते म्हातारे आहेत. दोघांनीही त्याच्याकडे पाठ फिरवली.

सोमवारी सविता संस्थेत गेली. कारभारी तिच्या आधीच येऊन, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सेक्रेटरींच्या समोर बसले होते. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला. ती बसली नाही. आपण अर्ज केलेला नाही आणि येणारही नाही, असं तिने उभ्याउभ्याच सांगितलं. सेक्रेटरी वैतागले. म्हणाले, हे फोनवरही सांगता आलं असतं.

"आमच्या घरचा फोन नाना उचलतात," सविता म्हणाली. "तुम्हाला वेगळंच ऐकू आलं असतं."

कोपऱ्यातला क्लार्क हसला. कारभारी उठले. दाराबाहेर त्यांना आपल्या चपला पटकन सापडेनात. ते दुसऱ्याच कोणाच्या तरी चपलेत पाय घालत होते. सविता तिथेच उभी राहून बघत होती. तिला दया आली नाही.

त्या आठवड्यात त्यांनी गावाहून ओले लाल कांदे आणले आणि मागच्या गॅलरीत, थेट बोर्डाखाली वाळत घातले. हातात उरलेलं एक जुनं काम ती पुरं करत होती. टरफलं उडून शाईवर चिकटायची, अख्खा कागद वाया जायचा. सविता रोज सकाळी कांदे लोटून त्यांच्या कॉटखाली सारायची. संध्याकाळी ते परत बोर्डाखाली असायचे. गोजराबाई मधल्या खोलीत धान्य निवडत बसायच्या आणि दोघांपैकी कोणाकडेही बघायच्या नाहीत.

शेवटी सविताने गंगापूर रोडला एका टायरच्या दुकानावरची खोली घेतली आणि बोर्ड तिकडे हलवला. एका आर्किटेक्टाने तोवर दुसरा माणूस धरला होता, तो परत आला नाही. बाकीच्या दोघांकडे जाऊन तिने पुन्हा सुरुवात केली. राहायला ती सिडकोतच होती. सकाळी कारभारींचं ताट वाढून त्यांच्यासमोर ठेवायची, तोंडातून शब्द न काढता. तेही न बोलता जेवायचे. असं दोन वर्षं चाललं.

मग काळ खरोखरच बदलला. नकाशे कॉम्प्युटरवर निघू लागले. सविता तेही शिकली, पण वाट्याला यायचं ते दुसऱ्यांनी आखलेलं पुन्हा गिरवणं. ती कंटाळली होती. तेवढ्यात क्षेमकल्याणीबाईंनी तिला ऑफिसात पूर्ण वेळ बोलावलं. हरसूलकडे शाळेची इमारत बांधायची होती, साइट तिने सांभाळायची. तिने काढलेली एकही भिंत आजवर उभी राहताना तिने पाहिली नव्हती. तिने दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं.

ललितने घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सविता घरी आली तर गल्लीतल्या ठमाबाईंनी दारातच थांबवून तिचं तोंडभर अभिनंदन केलं. नाना सकाळपासून पेढे वाटत होते. म्हणत होते, दोन वर्षं लागली, पण पोरीला अखेर माझं पटलं.

घरात टीपॉयवर पेढ्यांचा बॉक्स उघडा होता. कारभारी कोणाला तरी फोनवर तेच सांगत होते. तिला बघून त्यांनी बॉक्स पुढे सरकवला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलले.

"घे. उशिरा का व्हईना, अक्कल आली."

सविता आत गेली. ललितला म्हणाली, "उद्या बाईंना नाही म्हणून सांगते. या माणसाला एवढंही मिळू देणार नाही."

ललित शिफ्टला निघाला होता. बुटाची नाडी बांधता बांधता तो थांबला. इतक्या दिवसांत त्याने कोणाचीच बाजू घेतली नव्हती.

"त्यांच्यासाठी तू ही नोकरी धरली नाहीस," तो म्हणाला. "आता त्यांच्यासाठी सोडतेस?"

तिला त्याचाही राग आला, कारण तो बरोबर बोलत होता. रात्रभर ती धुमसत राहिली. सकाळी तिने डबा भरला.

ती निघताना गोजराबाई मागोमाग जिन्यापर्यंत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, तू आपल्या मर्जीनं चाललीस हे एकदा त्यांना सांगून टाक. नाहीतर मरेपर्यंत गावभर सांगत बसतील.

"सांगू द्या," सविता म्हणाली. "मला त्यांना काहीच सांगायचं नाही."

हरसूलची बस नऊला होती. जिन्याच्या पायथ्याला कारभारी शेजाऱ्याशी बोलत उभे होते. ते बाजूला झाले नाहीत. तिने पदर खोचला आणि त्यांच्या खांद्याला खांदा घासून पुढे गेली.