सान्वीचा बोर्ड, अक्षदाचा बोर्ड

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून वल्लरीने दोन्ही वेव्हबोर्ड उलटे ठेवले. एक तिच्या सान्वीचा, दुसरा तिसऱ्या मजल्यावरच्या अक्षदाचा. एकामागे एक अशी दोनच चाकं. कंबर हलवत पुढे जायचं, पाय जमिनीला लावायचा नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सान्वी सोसायटीच्या गेटपाशी आपटली आणि तिचं मनगट मोडलं. एवढी सराईत मुलगी सपाट फरशीवर पडते कशी, हे वल्लरीच्या डोक्यातून जात नव्हतं.

"त्या पोरीचंच काम," सासरे सोफ्यावरून म्हणाले. घरात त्यांना सगळे भाऊच म्हणत. "दसऱ्याच्या आदल्या रात्री बोर्ड तिच्याकडे होता की नाही? शर्यतीत आपली पुढे जाते, ते बघवत नाही."

वल्लरीला ते पटत होतं, आणि इतक्या सहज पटतंय म्हणूनच तिला खात्री वाटत नव्हती. डोंबिवली एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात ती नमुने तपासायची. दोन नमुने शेजारी ठेवल्याशिवाय कधी सही करत नसे. पण संध्याकाळी कमिटीची मीटिंग होती. तिथे अक्षदाचं नाव घ्यायचं, असं तिने जवळजवळ ठरवलं होतं. एकदा नाव घेतलं की अक्षदाची आई वासंती पुन्हा दार उघडणार नव्हती, आणि मुलींची मैत्रीही संपणार होती.

बोर्ड द्यायला आलेली अक्षदा उंबऱ्याच्या आत आली नव्हती.

"काकू, माझा कशाला हवाय?"

"बघायचाय जरा."

"मी काही नाही केलं."

तसं तिला कोणी विचारलंच नव्हतं. आणि आतल्या खोलीत सान्वी भिंतीकडे तोंड करून पडली होती. काही विचारलं की एकच, "आई, जाऊ दे ना." घाबरते की काय त्या मुलीला?

अक्षदाचा बोर्ड एकसंध प्लॅस्टिकचा, मध्ये निमुळता. पिळला की तिथेच वळायचा. सान्वीचा दोन तुकड्यांचा, मधून लोखंडी दांडा आणि आत स्प्रिंग. जड, पण पीळ सोडला की झटक्यात सरळ होणारा. वल्लरीने दोन्ही पिळून पाहिले. स्प्रिंग ठीक होती. बेअरिंगही आवाज न करता फिरत होती.

मग तिने चाकं ज्यांवर बसतात त्या तिरक्या बैठका पाहिल्या. अक्षदाच्या बोर्डाच्या दोन्ही बैठका मागच्या टोकाकडे झुकलेल्या होत्या. म्हणजे चाक मॉलमधल्या ट्रॉलीच्या चाकासारखं मागे राहून ओढलं जाणार. त्या बोर्डातच ओतलेल्या होत्या, चुकीच्या लावायची सोयच नव्हती. सान्वीच्या बोर्डाच्या बैठका मात्र सुट्या, चौकोनात चार स्क्रूंनी बसवलेल्या. कशाही बसल्या असत्या. आणि पुढची उलटी बसली होती.

"सापडलं ना?" भाऊ उठून जवळ आले. "आता मीटिंगमध्ये सांग. मी असेन बाजूला."

वल्लरीने स्क्रू काढले. बैठक निघाली आणि तिच्याखाली, जिथे कधी कुणाचं बोट पोहोचणार नाही अशा जागी, कुंकू होतं.

ती ते बघत राहिली.

"भाऊ, दसऱ्याला हा बोर्ड तुम्ही धुतलात?"

"मग? स्कूटर धुतली, सायकल धुतली, हा काय सोडायचा? चाक आहे त्याची पूजा करायची. खोपटच्या एसटी डेपोत जन्म गेला माझा."

"चाकं खोलून?"

"खोलल्याशिवाय मळ निघतो का? आणि बसवायच्या आधी आत बोट लावायचं, ही आपली पद्धत. बरं झालं खोलली ते. कारखान्यातूनच एक चुकीचं आलेलं, दोन्हींची तोंडं एकाच दिशेला. मी समोरासमोर करून दि..."

त्यांची नजर अक्षदाच्या बोर्डावर गेली. त्यांनी त्याचं एक चाक फिरवलं, मग दुसरं.

"ह्याचीही एकाच दिशेला आहेत."

"सगळ्यांचीच असतात, भाऊ."

सान्वी प्लास्टरचा हात छातीशी धरून दारात उभी होती. "पडल्यावरच आम्हाला चाक उलटं दिसलेलं. अक्षदाला मीच सांगितलेलं, कुणाला बोलू नकोस म्हणून," ती म्हणाली. "आजोबांनी एवढ्या हौसेने केलेलं."

भाऊंनी खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. मग अक्षदाचा बोर्ड टॉवेलने पुसला, आधीच स्वच्छ होता तरी.

"हा मी वर देऊन येतो. वासंतीशी बोलायला हवं."

"मीही येते."

"तू कशाला? तू कुठे काय केलंस?"

वल्लरीने चपला पायात घातल्या.