सावलीतल्या जिरेनियमची शिसारी

मित्रांनो, मी कुंडीतला एक जिरेनियम आहे. माझी गोष्ट ऐकताना नाकाला रुमाल लावलात तरी मला वाईट वाटणार नाही. शारजात, अल मजाजमधल्या एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर, बाल्कनीत मी राहत होतो. तिथली घाण आठवली की आजही माझं पान आखडतं.

माझा जन्म थंड देशातला. आमच्या जातीची मुळं जाड असतात आणि बर्फाखालीही तग धरतात. मोठ्या झाडांच्या पायाशी, कोरड्या, गार सावलीत आम्ही पसरतो. आमचं पान चुरगाळलं की उग्र वास येतो. तो मला आवडतो, कारण तो माझा स्वतःचा आहे.

पर्णिकाने दुकानातून मला उचललं, तेव्हा निवड विचार करूनच केली होती. "बाल्कनीत ऊन येत नाही, म्हणून सावलीतलं. रोज पाणी घालायला वेळ नाही, म्हणून कोरड्या मातीतलं," तिने नवऱ्याला समजावलं.

"आणि काटक," देवदत्त लेबल वाचून म्हणाला. "म्हणजे माझ्यासारखं. दे कोपऱ्यात ठेवून."

कोपऱ्यात सावली होती, हे खरं. पण तिथेच एसीचं आउटडोअर युनिट होतं. ते दिवसभर माझ्या तोंडावर गरम, धुळकट हवा ओकत असे. माझा काटकपणा थंडीपुरता. उन्हाळ्यात पानं पिवळी पडली, तेव्हा सगळे मला पाजू लागले. पाणी नव्हे! उरलेला दुधाचा चहा, तांदूळ धुतलेलं पाणी, एकदा तर आंबलेलं ताक. "मम्मा, इट्स ऑरगॅनिक!" असं म्हणत त्यांच्या मुलीने, तनयाने, ते ओतलं होतं. चहावर साय धरली, सायीवर बुरशी आली, बुरशीवर चिलटं बसली. खालच्या बशीत डासांच्या अळ्या वळवळू लागल्या.

त्यात देवदत्त. सिगारेट सोडल्याचं त्याने घरात जाहीर केलं होतं. फोनच्या निमित्ताने तो बाहेर येई, थोटूक माझ्या मातीत खुपसे आणि वरून माती सारखी करी. माझ्या मुळांना तंबाखूचा काढा! मला शिसारी येई.

शेवटी माझी सगळी पानं गळली. मातीखाली मूळ जिवंत होतं, पण तिथे बघतो कोण?

"खलास झालंय ते," एका सुट्टीच्या दुपारी देवदत्त म्हणाला. "वास मारतोय. टाकून येतो."

"नक्की मेलंय? एवढं शोधून आणलं होतं रे मी."

"सावलीत ठेवूनही जगलं नाही, ते कुठे जगणार?"

कचऱ्याची काळी पिशवी घेऊन तो बाल्कनीत आला. त्याच्या मागोमाग तनयाने सरकतं दार लावून कडी घातली. 'दार लावा, गारवा जातोय' हा नियम देवदत्तचाच होता, आणि तो तिच्या हातात मुरला होता.

फोन आतच राहिला होता, म्हणून देवदत्तने काच बडवली. आत पर्णिकाचा मिक्सर घरघरत होता आणि तनयाने कानात हेडफोन घातले होते. उन्हाच्या झळा कठड्यापर्यंत आल्या, तसा तो सरकत माझ्या कोपऱ्यात उकिडवा बसला. युनिटने त्याच्याही तोंडावर तीच हवा ओकली. तो खोकला. कुंडीतली चिलटं उठून त्याच्या नाकात शिरली.

"शी! काय आहे हे!"

त्याने आधी युनिटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मिक्सर थांबल्यावर पर्णिकाला काच वाजताना ऐकू आली. दार उघडताच घामाने निथळणारा देवदत्त मला छातीशी धरून आत शिरला. पिशवी रिकामीच बाहेर राहिली.

"टाकलं नाहीस?"

"अगं, मीच मेलो असतो तिथे. हे बिचारं उन्हाळाभर होतं."

"डॅडी, यू स्टिंक," तनया म्हणाली.

पर्णिकाने स्वयंपाकघरात जुना पेपर पसरून माझी माती उकरली. एक थोटूक निघालं. मग आणखी एक. मग मूठभर. तिने ती नवऱ्यासमोर नीट मांडली आणि शांतपणे विचारलं, "ही कुठली जात? हीपण सावलीतच वाढते का?"

देवदत्त बशी घासायला गेला.

मग तिने माझं मूळ नखाने किंचित खरवडलं. आतून ते ओलं आणि पांढरं होतं. "जिवंत आहे," ती म्हणाली.

आता मी उत्तरेच्या खिडकीत, घराच्या आत, स्वच्छ कोरड्या मातीत आहे. एक पान फुटलं आहे. मित्रांनो, सावलीसाठी रोप निवडाल, तेव्हा आधी त्या सावलीत स्वतः थोडा वेळ बसून पाहा. जमलं, तरच मला तिथे ठेवा. आणि तुमचा उरलेला चहा कृपा करून तुम्हीच प्या.