बॉबिन, अडीच ते तीन

मेघनाने टाचा उंचावल्या, ‘लूम’च्या दाराशेजारच्या काचेच्या पाटीवरचं प्लास्टिक नखाने उचकटलं आणि एका दमात सर्रकन ओढून काढलं. पाटी उजळली. ‘लूम. दहा जणांसाठी. आत्ता मोकळी.’ हिरवीगार अक्षरं. ती दोन पावलं मागे सरली आणि कोणी बघत नाही असं पाहून स्वतःशीच हसली.

लोअर परळच्या त्या इमारतीत अकराव्या मजल्यावर मीटिंगच्या सात खोल्या होत्या. जागा पूर्वी गिरणीची, म्हणून कोणा डिझायनरने त्यांना लूम, शटल, स्पिंडल अशी नावं देऊन टाकली होती. सगळ्यांत लहान, चार खुर्च्यांची, बिनखिडकीची ती बॉबिन. खोल्या सात आणि भांडणं सत्तर. पॅन्ट्रीतल्या दत्तारामच्या लाल रजिस्टरात आधी नाव लिहायचं, मग खोली मिळायची, असा रिवाज. पण लिहिणारा यायचा नाही आणि न लिहिणारा आत ठाण मांडून बसलेला असायचा. दार ठोठावलं तर हे आयत्या बिळावरचे नागोबा वर ‘पाचच मिनिटं’ म्हणायचे. कोणी सकाळीच खुर्चीवर जॅकेट टाकून जायचा आणि ते जॅकेट दिवसभर एकटंच मीटिंग करत बसायचं.

त्या जॅकेटाकडे बघतानाच मेघनाला उपाय सुचला होता. ती लहान असताना चिंचपोकळीच्या त्यांच्या चाळीत मजल्याला एक नळ होता आणि पाणी यायच्या तासभर आधी बादल्यांची रांग लागायची. बादली ठेवून घरात जा, भाकऱ्या थापा, कोणाची ना नसे. पण नंबर आला आणि बादलीची मालकीण हजर नसली, की बादली बाजूला. मग ती कोणाची का असेना. तोच नियम तिने खोल्यांना लावला. बुकिंगची वेळ झाली की दहा मिनिटांच्या आत पाटीला आपलं कार्ड लावायचं. नाही लावलं तर खोली आपोआप मोकळी, मागेल त्याला. शिवाय त्याच पाटीवर बोट ठेवलं की चहा हवाय, मार्कर संपलाय, एसी कमी करा, टेबल पुसा, सगळं थेट पॅन्ट्रीत कळणार. नळाची गोष्ट तिने ऑफिसात कोणाला सांगितली नव्हती. तिच्या वरिष्ठ वैशाली मॅडमना तिने ‘ऑटो रिलीज’ म्हटलं, तेव्हा मॅडम ऐकता ऐकता खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या.

आज पहिला दिवस. संध्याकाळी पाचला मोठे साहेब, राकेश सर, दिवसभराचे आकडे बघणार आणि कंपनीच्या नऊही ऑफिसांत हे लावायचं की नाही ते ठरवणार. लावलं तर ते चालवायला एक माणूस लागणार होता, कायमचा. मेघनाच्या गळ्यातल्या कार्डाची फीत करडी होती. करडी म्हणजे एजन्सीची, कंत्राटी. कंपनीच्या माणसांची निळी. तीन वर्षं ती ओढणी अशी घ्यायची की फीत झाकली जाई.

“निळी मिळाली की ओढणी घेणारच नाही,” तिने सकाळी आईला सांगितलं होतं.

“आधी मिळू दे,” सुभद्रा म्हणाली होती.

दहा वाजता पहिलं बुकिंग लागलं आणि मग पाट्या थांबेचनात. हिरवी, लाल, हिरवी. मेघना या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिली. पाय जमिनीवर ठरत नव्हते. सेल्सचा अमित बोट ठेवून चहा मागवायचा खेळच करत होता.

“एक नंबर काम केलंस यार,” तो म्हणाला. “चार मिनिटांत चहा. घरी पण असलं काही लाव ना.”

ती पॅन्ट्रीत डोकावली. भिंतीवर लावलेला टॅब्लेट टुणटुण वाजत होता. मालन आणि जाईबाई ट्रे उचलून जवळजवळ पळतच बाहेर पडत होत्या. दत्ताराम ओट्यापाशी उभा राहून किटल्या भरत होता. चाळीस वर्षं लालबागेत काढूनही त्याच्या बोलण्यातलं मालवण हललं नव्हतं.

“काका, वाजतंय का नीट?”

“वाजता काय इचारतंस? गप ऱ्हवाक तयार नाय तो.”

लाल रजिस्टर त्याच्यामागे फळीवर पालथं पडलं होतं. मागच्या आठवड्यात मेघनाने त्यातली रोजची बुकिंगं नव्या यंत्रणेत उतरवून घेतली होती. त्यात एक अडलं होतं. ‘बॉबिन, अडीच ते तीन, व्हेंडर मीटिंग.’ रोज, सात वर्षं, एकाच अक्षरात. हे कोणाचं म्हणून तिने विचारलं, तर दत्ताराम म्हणाला, “असता ता आमचा. लिवून ठेव गो.” तिने त्याच्या नावावर लिहून ठेवलं आणि पुढचं पान उलटलं.

अडीच वाजता ती आपल्या जागेवर बसून पडद्यावरचे सात चौकोन बघत होती. सहा लाल. बॉबिनचा चौकोन पिवळा, म्हणजे कार्डाची वाट बघणारा. दोन पस्तीस. पिवळाच. अडतीस. मेघनाने खुर्ची पुढे ओढली. आजवर कागदावर असलेला तिचा नियम पहिल्यांदाच खरा होणार होता. दोन चाळीसला चौकोन हिरवा झाला आणि पुरतं मिनिटही गेलं नाही तोच लाल. अमितच्या टीमने खोली उचलली होती.

शेजारच्या रांगेतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. वैशाली मॅडम केबिनमधून बाहेर आल्या.

“शंभर टक्के, मेघना. एकही खोली रिकामी गेलेली नाही. सरांना हेच दाखव.”

मेघनाला आईला फोन करावासा वाटला, लगेच, आत्ताच्या आत्ता. मजल्यावर गलका होता म्हणून ती मागच्या जिन्याकडे धावली. फोन कानाला लावून तिने दार ढकललं, तर ते कशाला तरी अडलं.

“थांबा मॅडम, सरकते,” पलीकडून आवाज आला.

जिन्याच्या पायरीवर जाईबाई बसली होती. एक पाय लांब केलेला, गुडघ्यावर हात, मांडीवर उघडा डबा. खालच्या पायरीवर मालन.

“इथे का बसलात?”

मालनने जाईबाईकडे पाहिलं.

“आज खोली नाही गावली,” जाईबाई म्हणाली. “ती बारकी. अडीच ते तीन दत्तारामदादा आमच्यासाठी लिहून ठेवायचे. कँटीनमध्ये युनिफॉर्मवाल्यांना बसू देत नाहीत ना.”

“मग वेळेवर यायचं ना. दहा मिनिटं होती.”

“आलो की. अडीचला दारातच उभ्या होतो. दादांनी त्यांचं कार्ड लावलं, मग मी माझं लावलं, हिचं लावलं. मशीन म्हणतं, नोंद नाही. मग ते सेल्सवाले आले, त्यांचं लागलं.” तिने भाकरीचा तुकडा मोडला. “मशीन चांगलं आहे हो. आमचीच सवय नाही.”

“हॅलो? मेघू?” फोनमधून सुभद्रा विचारत होती. “झालं का काम?”

“नंतर करते, आई.”

मेघना तिथेच पायरीवर बसली. मालकीण हजर होती. नळापाशीच उभी होती, बादली हातात घेऊन, आणि मेघनाने लावलेल्या नळाने तिला पाणी दिलं नव्हतं. मेघनाची आजी गावच्या विहिरीची गोष्ट सांगायची. घागर घेऊन दुपारभर लांब उभं राहायचं आणि कोणी वरून ओतलं तर घ्यायचं. मेघना ती गोष्ट ऐकून दरवेळी आजीवर चिडायची, की तू ऐकून कसं घेतलंस? आणि आता तिला स्वतःचीच लाज वाटली. कोणाकोणाची कार्डं चालणार, ती यादी तिनेच भरली होती. एजन्सीची नावं त्यात नव्हती, एक सोडून. स्वतःचं नाव घालायला ती विसरली नव्हती.

तिने मान वर केली.

“तुमची कार्डं द्या. दोघींची.”

तीन ते साडेचार ती पॅन्ट्रीतल्या स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसली. दत्ताराम किटली हलवता हलवता नावं सांगत होता. झाडलोटीवाल्या, पॅन्ट्रीतले, लिफ्टमन कुशाबा, रात्रपाळीचे दोघे. एकाचंही आडनाव त्याला आठवावं लागलं नाही. टाइप करताना मेघनाची बोटं सकाळपेक्षा जोरात पळत होती. एकवीस नावं झाली. कोणाला विचारायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर विचारायचंच नव्हतं.

पाचला लूममध्ये राकेश सर आले. वैशाली मॅडमनी पडद्यावर आकडे लावले. जाईबाईने तीन कप चहा ठेवला आणि ती भिंतीकडेने बाहेर गेली.

“शंभर टक्के?” सर म्हणाले. “पहिल्याच दिवशी?”

“नाही, सर,” मेघना म्हणाली. “अर्धा तास चुकला. बॉबिनमध्ये माणसं वेळेवर आली होती आणि आपण त्यांना दारातून परत पाठवलं.”

मॅडमचं पेन थांबलं.

“कोणती माणसं?”

“आत्ता चहा ठेवून गेल्या, त्या. जाईबाई. रोज त्या वेळी त्या तिथे जेवतात. त्यांचं कार्ड यादीत नव्हतं.”

“मेघना,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “त्या एजन्सीच्या आहेत. आपली सिस्टीम एम्प्लॉयींसाठी आहे.”

मेघनाने ओढणी खांद्यावरून काढून मांडीवर ठेवली.

“मॅडम, मीही एजन्सीचीच आहे. माझं नाव मी पहिल्याच दिवशी घातलं. त्यांचं राहिलं.”

सरांनी करड्या फितीकडे पाहिलं. मग समोरच्या कपाकडे.

“आता घातली आहेत?”

“हो सर. एकवीस नावं.”

“मला विचारून?”

“नाही.”

सरांनी कप उचलला.

“नऊ ऑफिसांत मिळून किती होतील?”

“मोजावी लागतील.”

“मोजा,” ते म्हणाले आणि चहा प्यायले. फितीबद्दल कोणीच काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा सुभद्राने दारातून हाक मारली.

“अगं, ओढणी राहिली.”

“राहिली नाही.”

“म्हणजे मिळाली निळी?”

“नाही गं.”

सुभद्रा तिच्या गळ्याकडे बघत राहिली आणि मग तिने दार लोटून घेतलं.

अडीच वाजता मेघना पॅन्ट्रीच्या दारात उभी होती. तिथून बॉबिन तिरकी दिसे. जाईबाईने कार्ड उलटं लावलं. मालनने ते तिच्या हातात फिरवलं. पाटीवर अक्षरं उमटली, ‘बॉबिन. जाईबाई. तीन वाजेपर्यंत.’ दोघींनी ती वाचली, मग कोणाच्या घरात शिरावं तशा दाराबाहेर चपला काढून आत गेल्या. अमित लॅपटॉप उघडा धरून तिकडून आला, पाटी वाचली, चपलांकडे पाहिलं आणि स्पिंडलकडे वळला.

तेवढ्यात पॅन्ट्रीतला टॅब्लेट वाजला. दत्तारामने चष्मा वर करून वाचलं.

“बॉबिन. दोन चाय.” तो वळला. “कोण बसला हा गो बॉबिनात?”

“व्हेंडर मीटिंग, काका.”

दत्तारामने साहेबलोकांचे पांढरे कप ठेवलेलं कपाट उघडलं, त्यातले दोन काढले आणि बशा खांद्यावरच्या फडक्याने पुसायला घेतल्या.